बिघडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुन्हा जोडण्याआधी: तयारीची यादी

डिस्क दिसेनाशी झाली की जो तो आधी एकच करतो. केबल काढून पुन्हा लावतो, दुसऱ्या पोर्टला लावून बघतो, जरा हलवतो आणि मग घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपकडे वळतो. नुसती केबल गेली असेल तर यात काही बिघडत नाही. पण आतली हेड्स (डेटा वाचणारे-लिहिणारे भाग) किंवा चकती (जिच्यावर डेटा असतो) जायच्या मार्गावर असेल, तर ती जितक्या वेळा फिरवाल तितकं नुकसान वाढतं. म्हणून ही यादी डिस्क बंद असतानाच हातावेगळी करायची आहे. डिस्क काढा, टेबलावर सपाट ठेवा आणि खालचं सगळं जमेपर्यंत तिला हात लावू नका.

पहिली गोष्ट कागद-पेन, आणि त्यावर पहिला प्रश्न: या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे कुठे आहे का? असेल तर बिनधास्त प्रयोग करा, फार तर डिस्क जाईल. नसेल तर पुढची प्रत्येक पायरी सावकाश. मग डिस्क पडली होती का, पडली तेव्हा फिरत होती का, पाणी-चहा सांडला होता का, शेवटचा संदेश नेमका काय आला होता, हे लिहून ठेवा. फिरत असताना पडलेली डिस्क आणि बॅगेत बंद असताना पडलेली डिस्क ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिलीत हेड चकतीवर आपटलेलं असण्याची शक्यता बरीच जास्त. क्षमता, मॉडेल आणि सिरीयल नंबर मागच्या लेबलवरून उतरवून घ्या. डिस्क कधी मॅकवर फॉरमॅट झाली होती का, हेही आठवा, कारण मॅकची डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि विंडोज सरळ फॉरमॅट करायला सांगतं. त्यात बिघाड काहीच नसतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आत्ताच शोधून ठेवा. की नसेल तर डिस्क शंभर टक्के वाचली तरी हाती काही लागणार नाही.

आता केबल. अडीच इंची पोर्टेबल डिस्कला बहुधा ती रुंद, मधे खाच असलेली यूएसबी 3.0 मायक्रो-बी केबल लागते. ती स्वस्त असते आणि सगळ्यात आधी तीच जाते. नवीन केबल आखूड घ्या, डिस्कबरोबर येते तशी दीड फुटाच्या आसपास. लांब आणि बारीक तारेच्या केबलीत व्होल्टेज पडतं, दिवा लागतो पण मोटर उचलत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही केबल सहज मिळते. दुकानात जुनी केबल सोबत न्या, म्हणजे चुकीच्या टोकाची घरी येणार नाही. तोवर जुन्या मोबाइलची साधी मायक्रो-यूएसबी डेटा केबल त्याच खाचेच्या मोठ्या भागात बसते आणि डिस्क यूएसबी 2.0 च्या वेगाने चालते. तिच्यावर डिस्क दिसली तर दोष बहुतेक जुन्या केबलीत किंवा सॉकेटच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. पिन वाकलेली नाही ना, पावसाळ्यात कोकणपट्टीत धरतो तसा काळपट थर नाही ना? थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी. प्लग किंचित हलवला की दिवा लागतो-विझतो, असं होत असेल तर सॉकेटच्या सोल्डरिंगचा टाका सुटलाय. तो रिपेअरिंगवाला पुन्हा मारून देतो, त्यासाठी डेटा रिकव्हरीचा खर्च करायची गरज नाही.

वीज हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपियर देतो, 3.0 पोर्ट 900. अडीच इंची डिस्कला सुरू होताना अँपियरच्या जवळपास करंट लागू शकतो. म्हणून डेस्कटॉपवर कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट टाळा आणि मागे थेट मदरबोर्डवरचे वापरा. हब वापरायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला. यूएसबीचं एक्स्टेन्शन अजिबात नको. साडेतीन इंची डिस्कला वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर असतो. त्याचं व्होल्टेज मल्टिमीटरवर बघून घ्या, पण लोड नसताना 12 दाखवणारा म्हातारा अडॅप्टर मोटर फिरायला लागली की खाली बसू शकतो, त्यामुळे तितक्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपियरचा दुसरा हाताशी असलेला बरा. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर लावला तर डिस्कच्या सर्किट बोर्डवरचं संरक्षक डायोड जळून शॉर्ट होऊ शकतं, आणि मग डिस्क पूर्ण मेल्यासारखी पडून राहते. अडॅप्टर एका खोक्यात एकत्र टाकायची सवय असलेल्या घरात हे अगदी सहज घडतं.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जी लोक सगळ्यात शेवटी आणतात: डेटा उतरवायला दुसरी, धडधाकट डिस्क. इथे एक हिशेब चुकतो. एक टीबीच्या डिस्कची पूर्ण इमेज फाइल (म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या एक टीबीच्या डिस्कवर बसत नाही. दोन्हींची क्षमता सारखीच, विंडोजच्या भाषेत 931 जीबी, पण फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था) स्वतःसाठी जागा घेते आणि शेवटी थोडी जागा कमी पडते. एक टीबीसाठी दोन टीबीची घ्या. ती एफएटी-32 वर फॉरमॅट केलेली नको, तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजसाठी एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी-4 ठीक. सोबत 8 जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटू किंवा दुसरं कोणतंही लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) तयार करून ठेवा आणि त्यावर लॅपटॉप बूट होतो हे आधी बघून घ्या.

कॉम्प्युटरही तयार करावा लागतो. ऑटोप्ले बंद. अँटिव्हायरसचं बाहेरच्या डिस्क आपोआप तपासणं बंद. स्लीप बंद, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद, नाहीतर ऐन कॉपीत पोर्ट झोपी जातो. फोल्डर उघडला की प्रत्येक फोटोचं छोटं चित्र तयार करायला विंडोज सगळ्या फाइली वाचत सुटतं, तेही बंद करा. लॅपटॉप चार्जिंगवर लावून ठेवा. डेस्कटॉप किंवा साडेतीन इंची डिस्क असेल तर यूपीएस हवाच, कारण हे काम तासांचं आहे आणि मधे लाइट गेली तर आजारी डिस्कला आणखी एकदा सुरू व्हावं लागतं. वेळ आधी मोजा: सेकंदाला 100 एमबी वेगाने एक टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात, यूएसबी 2.0 वर 35 एमबीच्या वेगाने आठ तास. हा धडधाकट डिस्कचा वेळ. आजारी डिस्कला दिवसही लागतात. म्हणून उद्या पहाटेची गाडी असेल तर आज सुरुवात करू नका.

आता जोडा, पण स्क्रीनकडे न बघता कान लावा. पंखा आणि टीव्ही बंद. एक हलकी घरघर, मग बारीक खसखस आणि नंतर स्थिर आवाज, हे ठीक. ठरावीक अंतराने टक्, टक्, टक् आणि मग मोटर थांबली, तर हेड चकतीवरच्या खुणा शोधतंय आणि त्या त्याला सापडत नाहीत. लगेच काढा, दुसऱ्यांदा लावू नका. बारीक बीप ऐकू येत असेल तर मोटरला फिरता येत नाही: एकतर वीज कमी आहे, नाहीतर हेड चकतीला चिकटलंय. चांगल्या केबलीवर मागच्या पोर्टला एकदाच लावून बघा. तरी बीप आली तर थांबा. घासल्यासारखा करकर आवाज आला तर पहिल्या सेकंदाला प्लग ओढा, इथे ‘सेफली रिमूव्ह’ची औपचारिकता नको. आणि काहीच आवाज नाही, दिवाही नाही, तर डिस्क मेली असं मानण्याआधी वीज, केबल आणि डबीतला (डिस्कच्या बाहेरच्या कवचातला) छोटा यूएसबी बोर्ड यांच्यावर संशय घ्या. एसएसडी, म्हणजे चकती नसलेली डिस्क, असेल तर ऐकण्यासारखं काही नसतंच.

आवाज ठीक असेल तरच विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. आजारी डिस्कमुळे ते उघडायला बराच वेळ घेऊ शकतं, घाई करू नका. बहुधा दोन खिडक्या समोर येतील, एक ‘फॉरमॅट करा’ म्हणणारी आणि एक ‘इनिशियलाइझ करा, एमबीआर की जीपीटी’ विचारणारी. दोन्हींना कॅन्सल. मग चित्र वाचा. क्षमता बरोबर आणि पार्टिशन धडधाकट, फक्त ड्राइव्ह लेटर नाही, तर लेटर द्या, काम संपलं. ‘रॉ’ दिसतंय तर फाइल सिस्टिम मोडलीय, डेटा बहुधा जागेवर आहे. क्षमता शून्य किंवा ‘नो मीडिया’ दिसलं तर यूएसबी बोर्ड बोलतोय, आतली डिस्क उत्तर देत नाही. विंडोजचं चेकडिस्क मात्र चालवू नका, या क्षणी तरी नाही. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करताना त्याच डिस्कवर लिहितं, तुटलेल्या नोंदी काढून टाकतं, आणि खराब सेक्टर (चकतीवरचे डेटाचे छोटे कप्पे) शोधण्याच्या पर्यायासह चालवलं तर अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसतं. इंटरनेटवर सगळ्यात आधी सुचवला जाणारा हा उपाय नेमका चुकीच्या वेळी चालवला जातो.

फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, पण वापरलेली जागा पूर्वीइतकीच, असं असेल तर हार्डवेअरचा संबंधच नाही. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हबरोबर येणारा शॉर्टकट व्हायरस आहे. फाइली लपवलेल्या असतात, अँटिव्हायरसने स्वच्छ करून ‘अॅट्रिब’ कमांडने हिडन आणि सिस्टिम हे गुणधर्म काढले की परत दिसतात.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्राम आधीच डाउनलोड करून ठेवलेला असावा. त्यात चार ओळी बघायच्या. 05 म्हणजे बदललेले सेक्टर, सी-5 म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर, सी-6 म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि सी-7 म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुका. पहिल्या तिघांपैकी कशातही आकडा असला, विशेषतः सी-5 मध्ये, तर चकती किंवा हेड खराब होतंय. फक्त सी-7 वाढत असेल तर डबीतलं कनेक्शन तपासा. हे आकडे मुळात हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) दिसतात, म्हणजे तिथे 10 लिहिलं असेल तर ते सोळा; सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडता येते. काही यूएसबी बोर्ड ही माहिती बाहेर सोडतच नाहीत, तेव्हा काही दिसलं नाही म्हणजे डिस्क चांगली असं नाही.

चारही शून्य असतील तर साधी कॉपी करा, पण क्रमाने: आधी कागदपत्रं, हिशेब, प्रबंध, मग फोटो, मग घरचे व्हिडिओ. सिनेमे शेवटी, किंवा सोडूनच द्या. विंडोजमध्ये ओढून टाकण्यापेक्षा तिथलीच रोबोकॉपी कमांड बरी, फक्त तिची पुनर्प्रयत्नांची संख्या एक आणि प्रतीक्षा एक सेकंद अशी द्या. काही न सांगता चालवली तर ती एका न वाचणाऱ्या फाइलीवर दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा डोकं आपटत बसते.

खराब सेक्टर असतील तर फाइली कॉपी करू नका, आख्खी इमेज घ्या, आणि त्यासाठी लिनक्समधलं जीएनयू डीडीरेस्क्यू. उबुंटूत हे पॅकेज ‘जीडीडीरेस्क्यू’ नावाने मिळतं. आधी ‘एलएसबीएलके’ कमांडने मॉडेल आणि सिरीयल नंबर दाखवून घ्या आणि कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. स्रोत आणि लक्ष्य उलटं लिहिलं तर रिकाम्या डिस्कवरची शून्यं तुमच्या डेटावर चढतात. पहिला फेरा ‘एन’ पर्यायाने, म्हणजे अवघड भाग सोडून सोपा भाग आधी उचलला जातो. दुसरा फेरा ‘आर’ 3 ने, राहिलेल्या तुकड्यांसाठी. मॅपफाइलचं नाव न विसरता द्या. तिच्यात काय वाचून झालं याची नोंद असते, त्यामुळे कधीही थांबवून तिथूनच पुढे जाता येतं. वेग शून्यावर आला आणि एररचा आकडा धावत सुटला तर डिस्क मधेच निसटलीय. कंट्रोल-सी दाबा, डिस्क थंड होऊ द्या. पुन्हा जोडल्यावर तिचं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं असू शकतं, तेव्हा कमांड तशीच परत चालवू नका. डिस्कवर टेबल फॅनचा वारा सोडा, तापमान 50 अंशांच्या खाली राहिलेलं बरं. टेस्टडिस्क, फोटोरेक आणि रिकव्हरीचे बाकीचे सगळे प्रोग्राम इमेजवर चालवायचे, मूळ डिस्कवर नाही.

डबी उघडायची असेल तर मॉडेल बघा. बऱ्याच सीगेट पोर्टेबल डिस्कमध्ये आत साटा कनेक्टर (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला असतो तो) असतो, यूएसबी बोर्ड वेगळा निघतो आणि डिस्क थेट साटाला लावून बघता येते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर टाकलेलं असतं, आणि माय पासपोर्टसारख्या मालिकांत डेटा बोर्डवरच एन्क्रिप्ट होतो, तोही तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसताना. म्हणून जळालेला बोर्ड फेकू नका. तसाच दुसरा बोर्ड आणून लावणंही पुरत नाही, कारण त्या विशिष्ट हेडांची मोजमापं मूळ बोर्डवरच्या चिपमध्ये असतात आणि ती चिप हलवावी लागते. डबी उघडली की वॉरंटी साधारणपणे गेली. आणि चकत्यांवरचं झाकण घरी कधीच उघडायचं नाही: हेड चकतीवर काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. फ्रीजरमध्ये ठेवायची युक्तीही विसरा, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. पाणी गेलेली डिस्क हेअर ड्रायरने वाळवू नका, वीजही देऊ नका.

टक्-टक्, बीप किंवा करकर असेल तर डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबकडेच जाणार. देण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर काय आकारतात, झाकण उघडायला क्लीन रूम (धूळमुक्त खोली) त्यांची स्वतःची आहे का, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवतात का. वॉरंटी चालू असेल तरी कंपनीकडे आधी पाठवू नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, आणि जुनी डिस्क सहसा परत येत नाही. कुरिअरने पाठवायची झाल्यास अँटिस्टॅटिक पिशवी, चारही बाजूंनी दोन-दोन इंच फोम, आणि कागदावर लिहिलेली ती सगळी माहिती खोक्याच्या आत.