ऑनर्सचं संशोधन सुरू करताय? या चुका टाळा

यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं. प्रोजेक्टला १२ क्रेडिट असतात. परीक्षेत पहिली येणारी मुलंही इथे अडखळतात, कारण आजवर प्रश्न दुसरं कुणीतरी काढत होतं आणि आता तो स्वतः काढायचा असतो.

सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. ‘घाणेरीचे औषधी गुणधर्म’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘घाणेरीच्या पानांचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची वाढ रोखतो का, आणि किती प्रमाणात?’ हा प्रश्न. असं एक वाक्य लिहून होईपर्यंत केमिकल्सची यादी करायला बसू नका.

मग प्रयोग सुरू होतो. जिवाणू पसरलेल्या अगारच्या प्लेटमध्ये छोटे खड्डे, म्हणजे वेल, पाडून त्यांत अर्क घालायचा. वेलभोवती छान झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, दिसतो. आनंद होतो, पण अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल आणि नुसत्या डीएमएसओची वेल ठेवली नसेल, तर झोन नक्की कशाचा? अशी तुलनेची वेल, म्हणजे कंट्रोल, नसलेल्या प्लेटवरून काहीच सांगता येत नाही. शेजारी ओळखीच्या अँटिबायोटिकची वेलही हवी. तिथेही झोन आला नाही, तर अर्काला दोष देण्याआधी कल्चर (वाढवलेले जिवाणू) आणि माध्यम (अगार) तपासा.

रीडिंग रोज बदलतंय? बहुतेक वेळा कारण सस्पेन्शनमध्ये, म्हणजे प्लेटवर पसरायच्या जिवाणूंच्या द्रवात, सापडतं. त्याचा गढूळपणा ०.५ मॅकफारलँड या प्रमाणित द्रावणाशी जुळवा, म्हणजे मिलिलीटरला साधारण १५ कोटी पेशी. ‘डोळ्यांना तेवढाच दिसतोय’ हे चालत नाही. मुलर-हिंटन अगारचा थर ४ मिलिमीटर ठेवा. थर पातळ झाला की झोन उगाच मोठा दिसतो. आणि एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ताजं कल्चर घेऊन वेगळ्या दिवशी पुन्हा करा. एका प्लेटच्या सरासरीवर काढलेले आलेख दिसतात देखणे, पण त्यांतून फार तर तुमचा हात स्थिर आहे एवढंच कळतं.

‘घाणेरी कुणाला माहीत नाही?’ म्हणून झाडाची रीतसर ओळख करून घेणं टाळलं जातं. फांदी फुलासकट दाबून वाळवा आणि हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) ओळख पक्की करून घ्या. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी काढा. हंगामाचंही तसंच. कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणाऱ्या वनस्पतींवर काम करायचं असेल, तर वनखात्याची परवानगी पावसाआधीच हातात हवी.

माणसांकडून रक्त, लाळ किंवा प्रश्नावली भरून घेणार असाल, तर नमुने घेण्यापूर्वीच एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. आधी काम करून मागून कागद करायचा नसतो.

लॅब नोटबुक सुट्या कागदांवर नको. तारीख, बॅच नंबर, तापमान आणि फसलेला प्रयोगसुद्धा त्याच दिवशी लिहा. गाइडकडे जाऊन ‘सर, झोन येत नाहीये’ एवढंच सांगितलंत, तर सर तरी काय सांगणार? प्लेटचा फोटो आणि नोटबुकचं ते पान पुढे ठेवा. अर्कात चुकलं, कल्चरमध्ये की अगारमध्ये, हे तिथे बसल्या बसल्या शोधायला सुरुवात करता येते.