धंद्याचा मेल वेबसाईटपासून वेगळा कसा करायचा

जळगाव एमआयडीसीतले चटईवाले घ्या, दाल मिलवाले घ्या नाहीतर रावेर-सावद्याचे केळी व्यापारी, वेबसाईटच्या होस्टिंगसोबत जो मेल फुकट मिळतो तोच सगळे चालवतात आणि मग कोटेशन पार्टीच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे जिथे अनेकांच्या साईट एकाच सर्व्हरवर असतात तिथे, एकाच आयपीवरून (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) कितीतरी डोमेनचे मेल जातात, त्यातल्या एकाने स्पॅम मारला की आयपी ब्लॅकलिस्टला आणि भोगायचं सगळ्यांनी. साईटचा सर्व्हर बसला की मेलही बसतो, ते वेगळंच. म्हणून भाऊ, मेल वेगळाच घ्या.

सगळ्यात आधी डोमेनचं, म्हणजे वेबसाईटच्या नावाचं, लॉगिन कोणाकडे आहे ते बघा. बऱ्याचदा साईट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असतं, ते स्वतःकडे घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मग बॉक्स मोजा, कारण पैसे दर युजर दर महिना लागतात. मालक, अकाउंट्स, डिस्पॅच असे तीन खरे बॉक्स बस होतात, सेल्स आणि इन्फो हे एलियस, म्हणजे त्याच बॉक्सचे जास्तीचे पत्ते, करून टाका, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बजेट कमी असेल तर झोहो बघा, त्याच्या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप (दुसऱ्या ॲपमधून मेल बघायची सोय) नाही, म्हणजे आउटलुकमध्ये जोडता येत नाही. जीमेलचीच सवय असेल तर गुगल वर्कस्पेस, दिवसभर एक्सेल-आउटलुक चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५. रेट विचारताना रिन्यूअलचा विचारा, वर १८ टक्के जीएसटी धरा आणि आपला जीएसटी नंबर टाकायला विसरू नका.

बदलायच्या आदल्या दिवशी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची साईट आणि मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये, टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ३०० करून ठेवा. जुने एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ती नोंद) काढून नवीन टाका, साईटच्या ए रेकॉर्डला (साईट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) हात लावायचा नाही. एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) डोमेनला एकच पाहिजे, दोन झाले की दोन्ही वाया, जुन्यातच नवीन जोडा. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा, डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) आधी नन वर, म्हणजे काहीच कारवाई नको यावर, ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, दिवसाला ५००० च्या वर मेल जात असतील तर तिन्ही.

आता एक गोष्ट जी हमखास राहते, सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) ईमेल राउटिंग रिमोट करा, म्हणजे मेल बाहेरच्या सर्व्हरवर आहे असं सांगा. लोकल राहिलं तर साईटच्या फॉर्मवरून आलेली इन्क्वायरी त्या जुन्या बॉक्समध्येच जाऊन बसते, ना एरर येतो ना मेल, आणि आपण म्हणतो सीझन थंड आहे!

जुने मेल आयमॅपने नवीनकडे ओढून घेतल्याशिवाय जुनं होस्टिंग बंद करू नका. शेवटी एखाद्या जीमेलवर मेल टाकून तिथे त्या मेलच्या मेनूतलं शो ओरिजिनल उघडा, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिघांपुढे पास दिसलं की कोटेशन पाठवायला मोकळे.