स्पंज नळाखाली धुतला आणि टाकी दुधाळ झाली

नेरुळच्या फ्लॅटमधली दोन बाय एक बाय एक फुटाची माशांची टाकी, पाणी साधारण ५० लिटर, आत गप्पी आणि मोली. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. तिसऱ्या दिवशी पाणी पातळ ताकासारखं, मासे वर येऊन तोंडं उघडतायत, कल्ले भराभर हलतायत. पाणी तपासायच्या किटमध्ये पिवळ्याऐवजी हिरवा रंग आला, म्हणजे अमोनिया वाढलेला.

मोरबे धरणातलं पाणी क्लोरीन घालून घरात येतं. पिण्यासाठी ते हवंच, पण स्पंजमधले जिवाणू त्याने मरतात. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट हेच जिवाणू करतात.

सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, मासे धक्क्यानेच जाऊ शकतात. १५ लिटर काढलं, तेवढंच, क्लोरीन उडून जावा म्हणून २४ तास एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलेलं पाणी भरलं. असं रोज, पाच दिवस. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापतं, म्हणून बादली सावलीत ठेवून दोन्ही पाण्यांत हात घालून बघायचं. खाणं दोन दिवस पूर्ण बंद, नंतर चिमूटभर. एअरपंप दिवसरात्र चालू. शेजारच्यांच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आपल्या फिल्टरवर पिळला. तो तपकिरी गाळ म्हणजे तयार विरजणच! नुसतं पाणी बदलून एवढा फरक पडला नसता.

आठव्या दिवशी किट पिवळं.

आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज तीन-चारदा हलका पिळायचा, महिन्यातून एकदा. थोडा तपकिरी राहिला तर राहू द्यायचा.