माजी सैनिक संघटनेनं गावात सेवाकार्य कसं उभं करावं

सातारा जिल्ह्यात एकही फौजी नाही असं गाव शोधावंच लागेल. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच मिलिटरी आलं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. निवृत्त होऊन परतलेली ही माणसं आता गावोगाव, तालुक्या-तालुक्यांत संघटना काढताहेत. झेंडावंदन, शाळेत वह्यावाटप, थंडीत ब्लँकेटं इथपर्यंत बहुतेक संघटना येतात आणि तिथंच थांबतात.

वह्या वाटू नयेत असं मी म्हणणार नाही. पण गावातल्या एखाद्या काकींचं अडकलेलं कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू करून दिलं, तर त्या घरात दर महिन्याला जे येतं ते कुठल्याच वर्गणीतून येणार नाही. शिवाय ते त्यांच्या हक्काचं असतं, कुणापुढं हात पसरून मिळालेलं नसतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी हक्काचं मिळवून द्यायचं, मग वर्गणीचं वाटायचं.

पहिलं काम: घरोघरची यादी

एक जाड वही घ्या आणि आळीआळीनं फिरा. गावातला प्रत्येक माजी सैनिक, प्रत्येक सैनिकाची विधवा, वीरमाता, वीरपिता यांची नोंद करा. सेवा क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, भरती आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पत्नीचं आणि मुलांचं कागदावरचं नाव, बँक खातं, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे की नाही, एवढं लिहून घ्या. पीपीओ आणि खात्याचे आकडे या वहीत येत असल्यानं ती एकाच जबाबदार माणसाकडं, कुलपात राहिली पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो टाकू नका.

यादी करताना दोन गोष्टी वेगळ्या खुणेनं लिहा. गावात सीआरपीएफ, बीएसएफमधून आलेल्यालाही आपण फौजीच म्हणतो आणि आदरानं मेजर अशी हाकही मारतो. पण त्यांच्या योजना गृह मंत्रालयाकडून चालतात. सैन्यदलांसाठीचे अर्ज त्यांना लागू पडत नाहीत. दुसरं, पंधरा वर्षं पुरी होण्याआधी घरी आलेले आणि पेन्शन नसलेले म्हातारे जवान. ते संघटनेच्या बैठकीला सहसा येत नाहीत. आपल्याला काही मिळत नाही, मग जायचं कशाला, असं त्यांना वाटतं. खरं तर यादी सुरू करायची ती त्यांच्यापासूनच.

दुसरं काम: कागदांचा दिवस

महिन्यातला एक रविवार ठरवा. ग्रामपंचायतीची खोली, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि मराठी-हिंदी टायपिंग येणारी गावातलीच एक मुलगी किंवा मुलगा एवढ्यावर काम सुरू होतं. फौजेत क्लार्क म्हणून नोकरी केलेला एखादा सभासद असेल तर त्याला इथं बसवा. त्याच्याइतकी या कागदांची जाण दुसऱ्या कुणाला नसते.

सगळ्यात जास्त अडचणी नावांच्या निघतात. रेकॉर्डला सुमन, आधारला सुमनबाई आणि बँकेत माहेरचं नाव. नवरा हयात आहे तोवर ही चूक कुणाला टोचत नाही. तो गेला की तीच चूक पेन्शन अडवते. म्हणून प्रत्येक हयात पेन्शनरचा पीपीओ काढून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच ताडून बघा. फरक असेल तर तो दुरुस्त करायचा अर्ज त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्याच्या दलाच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलाचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमई या यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलाचं सिकंदराबादला. हे पत्ते खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. एखाद्या घरात जन्मापासून अपंग मूल असेल, तर त्याचं नाव आणि अपंगत्वाचा दाखला आईवडील हयात असतानाच नोंदवून घ्या. अटींत बसलं तर त्या मुलाला आयुष्यभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण आईवडिलांच्या मागं ही नोंद करायला कुणी उरत नाही.

पेन्शनर वारला तर मृत्यूचा दाखला, पीपीओ, पत्नीचं आधार, पॅन, पासबुक आणि फोटो जमवून स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर माहिती द्यायची असते. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत घरच्यांना हे सुचत नाही. संघटनेचा एक माणूस तेराव्यानंतर त्या घरी गेला पाहिजे, असा नियमच करा. त्या काकींना आकडाही नीट समजावून सांगा. नेहमीचं कौटुंबिक निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं. पेन्शनर लवकर वारला असेल तर सुरुवातीला ५० टक्के मिळतं, पण ते सात वर्षं किंवा त्याच्या वयाला ६७ वर्षं पुरी झाली असती तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोवरच. त्यानंतर रक्कम उतरली की घरात घबराट होते आणि मग कुणी एजंट येऊन पैसे उकळतो. आधीच सांगितलेलं असलं तर एजंटाला दारात उभं राहायला जागा उरत नाही.

नोव्हेंबरचा रविवार हयातीच्या दाखल्यांचा. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. त्यांच्यासाठी जीवन प्रमाण या हयातीच्या डिजिटल दाखल्याच्या सरकारी सेवेत चेहरा दाखवून दाखला काढायची सोय मोबाइलवर आहे. अंथरुणावर असलेल्यांच्या घरी जाऊनच तो काढा. पेन्शन स्पर्शवर गेलेली असेल तर पेन्शन देणारं कार्यालय निवडताना बँक नव्हे, स्पर्शच निवडायचं. इथं बोट चुकलं की दाखला निघतो, पण पोचत मात्र नाही, आणि पेन्शन थांबते.

तिसरं काम: योजनांचे अर्ज

साताऱ्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे या कामाचं मुख्य दार. तिथल्या कल्याण संघटकाशी संघटनेची नीट ओळख असावी; भांडायला जाण्याआधी भेटायला जावं.

६५ वर्षांवरचे, पेन्शन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा निर्वाह अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयानं ते चार हजारांवरून आठ हजार केलं. त्याच वेळी दोन मुलांपर्यंत मिळणारी शिक्षणाची मदत दरमहा एक हजाराची दोन हजार झाली आणि मुलीच्या लग्नाची ५० हजारांची एक लाख. लग्नाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांच्या आत करावा लागतो. आपल्याकडं लग्नाची धावपळ, मग पाठराखण, मग पहिला सण यांतच ही मुदत निघून जाते. म्हणून लग्नपत्रिका हातात पडली की लगेच वहीत तारीख टाका.

इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग अशा व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. बारावीला किंवा डिप्लोमाला ६० टक्के लागतात. आपले गुण कमी पडतील असं समजून बरीच मुलं अर्जच करत नाहीत, तर काही घरांत शौर्यपदक असल्याशिवाय मिळत नाही असा समज असतो. पात्र असेल त्या प्रत्येकाचा अर्ज भरून घ्या.

घरपट्टीचंही बघा. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत राज्यातल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका मालमत्तेची करमाफी आहे. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यायचा, बस्स.

मग नोंदणी आणि पैसे

कागदांच्या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, म्हणून नोंदणीची वाट बघत बसू नका. पण देणगी घ्यायची म्हटली की नोंदणी हवीच. किमान सात सभासद, घटना, उद्दिष्टांचं पत्र आणि पहिल्या सभेचा ठराव घेऊन साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात जायचं. तिथं १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्ही नोंदण्या होतात. घटनेत उद्दिष्टं लिहिताना फक्त सभासदांचं कल्याण असं लिहू नका. शिक्षण, आरोग्य, आपत्तीतली मदत हेही घाला, कारण उद्या प्राप्तिकराच्या सवलतीची नोंदणी करताना तेच वाचलं जातं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. बऱ्याच संस्था इथं अडकतात: दोन अध्यक्ष होऊन जातात आणि कागदावर पहिलाच राहतो.

पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला करात सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआयच बरा. महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. फौजी माणसावर गावाचा विश्वास आधीच असतो, म्हणूनच हिशेब दुसऱ्यांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला गोळा होणारा निधी मात्र या हिशेबात अजिबात मिसळू नका. तो सरकारी निधी आहे; त्याच्या पावत्या वेगळ्या आणि भरणाही सैनिक कल्याण कार्यालयातच.

पोरांसाठी

सकाळी मैदानावर पळवणारे उस्ताद आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. पण अग्निवीरची ऑनलाइन लेखी परीक्षा आता आधी होते आणि मैदानाची पाळी नंतर येते. पोरगं पळण्यात पहिलं येतं आणि गणितात बाहेर पडतं. त्यामुळं संध्याकाळी दोन तास गणित, सामान्य विज्ञान आणि मॉक टेस्ट घेणारा एक शिक्षक शोधा. संघटनेची वर्गणी खर्च करायला याहून चांगली जागा नाही. सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा देणाऱ्या पाचवीच्या मुलांनाही इथंच बसवा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१मध्ये साताऱ्यातच सुरू झालं, तरी डोंगरातल्या गावांत त्याचा फॉर्म कधी निघतो हे कळत नाही.

रक्तदान आणि आपत्ती

रक्तदानासाठी परवानाधारक रक्तकेंद्रच बोलवा. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५. उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा असतो, म्हणून शिबिर एप्रिल-मेमध्ये ठेवा.

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातल्या संघटनांनी आपत्तीचं पथक बांधलंच पाहिजे. जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगावात दरडी कोसळल्या तेव्हा रस्तेच तुटले होते. पहिले काही तास गावानं गावालाच सांभाळलं. तुमच्या यादीत सॅपर्स, मेडिकल, सिग्नल्स आणि ड्रायव्हर कोण आहेत ते वेगळं काढा. दोर, टॉर्च, स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी आणि गावातल्या जेसीबी-ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर मे महिन्यातच एका जागी आणा. तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाकडं पथकाची यादी लेखी द्या, म्हणजे ऐन वेळी त्यांचा फोन आपल्याला येईल. कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं राहतात, हेही आता तुमच्या वहीत असेल. मुसळधार पावसाचा इशारा आला की त्या घरांतली माणसं दिवसाउजेडी शाळेत हलवायची, अंधार पडायची वाट बघायची नाही.