मस्कतहून बडोद्याला पाठवलेले पैसे कमी पोचायचे, ते कसं थांबलं

मी मस्कतला, आईबाबा बडोद्याच्या दांडिया बाजारला. बँकेतून डॉलर पाठवले की बाबांच्या पासबुकात कायम थोडे कमीच पडायचे, इकडची बँक म्हणे आम्ही पूर्ण पाठवले, तिकडची म्हणे आम्हाला एवढेच आले, बाबा बिचारे उन्हात ब्रँचमध्ये खेटे घालतायत. शेवटी इकडच्या बँकेकडून स्विफ्ट कॉपी (बँकांनी एकमेकींना पाठवलेल्या पैशाच्या संदेशाची प्रत) मागितली, त्यात चार्जेसपुढे 'एसएचए' (SHA, चार्ज दोघांत वाटून) होतं, म्हणजे पैसे जिच्यामार्फत जातात ती मधली बँक आपला चार्ज रकमेतूनच कापून घेते. आता फॉर्मवर 'ओयूआर' (OUR, सगळा चार्ज पाठवणाऱ्याचा) टिक करतो, चार्ज इथेच भरतो, पैसे पूर्ण पोचतात. रुपयात बदलताना जीएसटी लागतो तो वेगळा. आणि स्वतःची बचत मात्र एनआरई खात्यातच (अनिवासी भारतीयांचं परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) टाका, व्याजावर भारतात टॅक्स नाही, एनआरओत (अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) व्याजावर टीडीएस कापतात.