खलपात्राला जोखताना आणि कथेतला मृत्यू वाचताना: या चुका टाळा

शाळेत खलपात्राचं स्वभावचित्रण लिहायचं म्हटलं की शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘अखेर त्याला त्याच्या कर्माचं फळ मिळालं.’ या वाक्यावर मी भरपूर गुण मिळवले. त्याची सवय मोडायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. पुष्कळ वाचलेली माणसंही खलपात्राबद्दल बोलताना नकळत शेवटच्या पानावरून मागे येतात. तो मेला कसा, यावरून तो होता कसा, हे ठरवून टाकतात. बाकीच्या बहुतेक गफलती इथूनच सुरू होतात.

मरण म्हणजे निकाल, असं धरून चालणं

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा शेवट आठवा. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना मेली, इयागोची बायको एमिलिया मेली, ऑथेल्लोने स्वतःला भोसकून घेतलं. आणि ज्याने हे सगळं घडवलं तो इयागो जखमी, कैदेत, पण जिवंत. त्याचा छळ करण्याचा हुकूम सुटतो, पण तो छळ आपल्याला दिसत नाही. ‘का केलंस?’ असं विचारल्यावर यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असं सांगून तो तोंड मिटतो. कर्मफळाचा हिशेब मांडायला बसलेल्याला हे नाटक अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. खरं तर त्या गप्प बसण्यातच इयागोचा शेवटचा वार आहे.

आता याच्या उलट टोक. भासाचं म्हणून ओळखलं जाणारं ‘ऊरुभंग’ हे एकांकी संस्कृत नाटक. मृत्यू रंगमंचावर दाखवू नये, असा संस्कृत नाटकांतला संकेत. इथे दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो. त्याआधीचा एक प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. गदायुद्धात मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवरून स्वतःला ओढत येतो. आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधत येतात. सोबत त्याचा लहानगा मुलगा दुर्जय. पोर बापाला पाहतं आणि नेहमीसारखं मांडीवर बसायला जातं. बाप त्याला अडवतो. आजपासून ही जागा तुझी नाही.

ही तीच मांडी, जी महाभारतातल्या द्यूतसभेत त्याने द्रौपदीला दाखवली होती आणि जी फोडायची भीमाने शपथ घेतली होती. गुन्ह्याची खूण, शिक्षेची जागा आणि लेकराची बैठक, सगळं एकाच अवयवात. ‘बरं झालं’ म्हणणारा लेकराकडे पाहत नाही आणि ‘बिचारा’ म्हणणारा द्रौपदीला विसरतो. या प्रसंगाला दोन्ही एकदम डोक्यात धरणारा वाचक लागतो, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

कारण सापडलं की माफी देऊन टाकणं

ही अलीकडची चूक, आणि मला पहिलीपेक्षा जास्त खटकते. खलपात्राचं हलाखीचं बालपण, अपमान, नाकारलेलं प्रेम सापडलं की वाचकाचा सूर लगेच बदलतो: ‘मग त्याचं तरी काय चुकलं?’ समजून घेणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इयागो तर स्वतःच कारणांची रास ओततो. आपल्याला हवी असलेली बढती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळाली, ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी संबंध असावेत, पुढे कॅसिओवरही तोच संशय. इंग्रजी कवी-समीक्षक कोलरिजने याला हेतुशून्य दुष्टाव्याने चालवलेला हेतूंचा शोध म्हटलं. ते पूर्ण पटो न पटो, एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे: पात्र स्वतःविषयी जी कारणं देतं, तीही संशयाने वाचायची असतात.

इथे एक साधी युक्ती चालते. खलपात्राची बाजू पटायला लागली की तोच प्रसंग ज्याचं नुकसान झालं त्याच्या जागी बसून पुन्हा वाचा. इयागोला एमिलियाच्या नजरेतून पाहिलं की त्याची कारणं फार लवकर विरतात.

निवेदकाची विशेषणं पुरावा म्हणून घेणं

‘क्रूर’, ‘कपटी’, ‘कुत्सित हसत’ हे सगळे सांगणाऱ्याचे शब्द. तो सांगणारा कोण आणि त्याचा यात काय स्वार्थ, हे बघितल्याशिवाय त्यांना किंमत देऊ नये. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णाची गोष्ट सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात आणि त्यांतला एक दुर्योधन आहे. त्याच्या तोंडून ऐकताना तो स्वतःला खलनायक म्हणेल, अशी अपेक्षाच चूक.

अडकलात तर पेन्सिल घ्या. दोन पानांतली विशेषणं खोडा आणि फक्त क्रियापदं ठेवा: कोण काय बोललं, कोणी काय केलं, कोण गप्प राहिलं. पुष्कळदा खलपात्र निम्मं वितळतं. कधी कधी नायकही.

याचीच चुलत चूक म्हणजे पात्राचं बोलणं लेखकाच्या नावावर खपवणं. खुनी पात्राने खुनाचं तत्त्वज्ञान सांगितलं म्हणून लेखक खुनाच्या बाजूचा होत नाही. यावर जास्त बोलायची गरज नसावी, पण वाद होतात ते याच्यावरच.

कोणी मेलं की ‘मृत्यू हा विषय’ म्हणणं

रहस्यकथेत प्रेत पहिल्याच प्रकरणात सापडतं, पण तिचा विषय बहुधा कोडं असतो. टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (1886) या दीर्घकथेतही मरणाची बातमी सुरुवातीलाच येते आणि सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो बदल्या-बढत्यांचा. पुढे एक सहकारी विधवेला भेटायला जातो. तो बसतो ते बैठं आसन स्प्रिंग बिघडलेलं. सारखं वर उसळतं, दबतं. तिची शाल मेजाच्या कोरीव कडेला अडकते. ती सोडवायला तो उठतो आणि आसन पुन्हा उसळतं. सांत्वनाचा सगळा प्रसंग या झटापटीत जातो. या कथेत कोणी खलपात्र नाही, तरी मेलेल्या माणसाला इतक्या सहज बाजूला सारलेलं मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय.

म्हणून मरणाचा क्षण कितीही रंगवलेला असो, मी त्यानंतरचं पान आधी नीट वाचतो. कोण रडलं, कोणाला सुटल्यासारखं वाटलं, कोण लगेच कामाला लागलं. खलपात्राची खरी परीक्षाही तिथेच होते, दुसऱ्याच्या मरणापाशी.

शेक्सपिअरच्याच ‘मॅकबेथ’च्या पाचव्या अंकात पडद्याआडून बायकांचा आक्रोश येतो आणि राणी, म्हणजे मॅकबेथची बायको, गेल्याचं कळतं. यावर मॅकबेथ जे एक वाक्य बोलतो (‘She should have died hereafter’) त्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो. एक: ती कधी ना कधी मरणारच होती. दुसरा: तिने आत्ता मरायला नको होतं, शोक करायला वेळ तरी मिळाला असता. पहिला धरला तर माणूस दगड झालाय, दुसरा धरला तर आतून कोसळलाय. मूळ वाक्य दोन्ही अर्थ पेलतं. मराठीत आणताना मात्र अनुवादकाला बहुधा एक निवडावाच लागतो. मी दोन्ही करून पाहिलेत आणि दर वाचनाला माझं मत फिरतं. मॅकबेथला तेवढी सवड नाही. शत्रूचं सैन्य झाडांच्या फांद्यांआडून चालून येतंय. पाठोपाठ निरोप्या येतो, जंगल चालत येतंय म्हणून सांगायला.