एअर शो बघायला जाताय? आवाजाकडे बघू नका

जानेवारी २०२४. मरीन ड्राइव्हवर १२ ते १४ असे तीन दिवस वायुसेनेची प्रात्यक्षिकं होती, दुपारी १२ ते १. मी रविवारी गेलो. कठड्यावर माझ्या शेजारी एक काका बसले होते. सुखोई डोक्यावरून गेलं की ते दर वेळी मान वळवून विचारायचे, "कुठाय? कुठाय?" तोवर विमान गायब. तासाभरात त्यांनी आवाज पोटभर ऐकला, विमान मात्र दोनदाच बघितलं असेल.

चूक साधी आहे. काका आवाज येतो तिकडे बघत होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला सहा सेकंद लागतात. विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असेल, तर तेवढ्यात ते दीड किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून आवाज ऐकू आला की तो ज्या दिशेने सरकतोय, त्या दिशेला बरंच पुढे बघायचं. त्याहून सोपा उपाय म्हणजे आवाजाची वाटच बघायची नाही. समोरून येणाऱ्या विमानाचे दिवे बहुधा लागलेले असतात, आणि धुरकट आकाशात आकृतीच्या आधी तो ठिपकाच दिसतो. मी हे सांगितल्यावर काकांना पुढची फेरी बरोबर सापडली. मग पुढचा अर्धा तास ते मलाच "तो बघा, तो बघा" करत होते.

सूर्यकिरण या वायुसेनेच्या कसरती पथकाच्या वेळी आणखी एक गंमत होते. नऊ हॉक विमानं एकत्र येतात, तिरंगी धूर सोडतात आणि नंतर फुटून लहान गट करतात. सगळ्यांच्या माना मोठ्या गटामागे वळतात आणि तेवढ्यात दुसरीकडून दोन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडतात. निवेदक आधी सांगतो, पण तेव्हा आपण टाळ्या वाजवत असतो. घरच्या माणसांत दिशा वाटून घ्या. एकाने डावीकडे बघायचं, एकाने उजवीकडे. पोरांना हे काम फार आवडतं.

फोनबद्दल थोडक्यात. फोनमध्ये विमान डासाएवढं येतं. एक फेरी काढा, बाकीच्या डोळ्यांनी बघा. कॅमेरा असेल तर जेटसाठी शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. सारंग पथकाची मोराच्या रंगातली हेलिकॉप्टरं आली की मात्र तो १/२५०च्या खाली आणा, नाहीतर पाती हवेत थिजून हेलिकॉप्टर दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. ड्रोन घरीच ठेवा, यात चर्चेला जागा नाही.

आता ऊन. हा भाग लोक हसण्यावारी नेतात. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेना दिनानिमित्त शो झाला. वेळ ११ ते १, लाखोंची गर्दी, सावली नाही. त्या दिवशी पाच माणसं दगावली. कार्यक्रम दोन तासांचा असला तरी जागा धरायला लोक सकाळपासून येऊन बसतात आणि संपल्यावर स्टेशनकडे जाताना पुन्हा चेंगरतात. म्हणजे ऊन दोन तासांचं नसतं, पाच-सहा तासांचं असतं. माणशी दीड-दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, टोपी, मानेवर ओला पंचा. छत्री उघडलीत तर मागच्या चार रांगा तुमचा उद्धार करतील. वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ बरोबर असेल, तर मुख्य दिवस सोडा आणि रंगीत तालीम बघा. आधी एक-दोन दिवस बहुतेक तीच विमानं तीच उड्डाणं करतात आणि गर्दी कितीतरी कमी असते. लहान मुलांना कानावर बसणारे इअरमफ लावा. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही.

मुंबईत सगळे चर्चगेटलाच उतरतात. मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडला उतरलात तर समुद्र तितकाच जवळ आणि गर्दी जरा विरळ. रविवार असेल तर लोकलच्या ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं, म्हणून "हरवलो तर अमुक ठिकाणी भेटायचं" हे आधीच ठरवा आणि खिशात दोन-तीनशे रुपये रोख असू द्या. शेंगदाणेवाल्याचा क्यूआर तेव्हा नुसता शोभेचा असतो. शेवटचं विमान गेल्यावर लगेच उठू नका. पाऊणएक तास कठड्यावर बसून उरलेला डबा संपवा. पण खरकटं तिथे टाकू नका. कचऱ्यावर घारी येतात आणि खाली उडणाऱ्या विमानाला घार म्हणजे मोठा धोका. बंगळुरूला एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या आधी येलहंका हवाई तळाच्या आसपास काही दिवस मांसविक्री बंद ठेवतात, ती याचसाठी.

एअरो इंडियाचं नाव निघालंच आहे. १९९६ पासून, साधारण दर दोन वर्षांनी, बहुतेकदा फेब्रुवारीत, येलहंकाला हा शो भरतो. तिथे सगळ्यात महागात पडणारी चूक तिकिटाची. २०२५ साली भारतीयांसाठी ॲडव्हा नावाचं तिकीट १००० रुपयांना होतं आणि सर्वसाधारण २५०० ला. ॲडव्हा म्हणजे फक्त उड्डाणं बघायची जागा. उभी केलेली विमानं जवळून बघायची, दालनं फिरायची, तर ते चालत नाही. पुण्याहून रात्रभर बसने येऊन दारात हे कळलेली मंडळी मी पाहिली आहेत. सुरुवातीचे दिवस व्यापारी पाहुण्यांचे असतात, सामान्यांचे शेवटचे, तेव्हा तारीख नीट बघून सुट्टी टाका. गाडी न्यायची की नाही हे ठरवताना २०१९ आठवा. त्या २३ फेब्रुवारीला तिथल्या पार्किंगमध्ये वाळलेल्या गवतावर आग पसरून जवळपास ३०० गाड्या जळाल्या. मी बसनेच जातो.

संग्रहालयांच्या बाबतीत चुका वेगळ्या. तिथे घाई नडते, आणि वार.

गोव्याचं नौदल विमान संग्रहालय बोगमाळोच्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाला लागून आहे. सोमवारी बंद. मी सोमवारीच गेलो होतो. आता त्यात एक नवीन घोळ वाढलाय. २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि "संग्रहालय विमानतळाजवळ आहे" एवढं ऐकून मोपाला उतरणारे पेडण्याहून थेट मुरगाव तालुका गाठतात, पार गोव्याच्या उत्तर टोकाहून. तिकीट काढताना दाबोळी बघा. आणि सकाळी जा, कारण बरीचशी विमानं उघड्यावर उभी आहेत.

तिथे पाटी वाचून, फोटो काढून पुढे सरकणारे खूप. सी हॉक या जुन्या लढाऊ जेटपाशी थांबा. शेपटीकडे जा आणि जेटचं तोंड शोधा. सापडणार नाही. इंजिन एकच, पण त्याचा झोत दोन वाटांनी फुटून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. मग पंखांवर दुमडण्याचा सांधा शोधा. विमानवाहू जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून ही सोय. १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले ते या जातीच्या विमानांनी, आणि त्यांच्या जोडीला होती आलिझे ही पंख्याची विमानं. आलिझेही तिथे आहे. बाहेरचं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग वायुसेनेचं आणि शेवटी समुद्रावर टेहळणी करणारं नौदलाचं. माशासारखं वळलेलं अंग आणि तीन शेपट्या. मुलांना मोजायला सांगा.

दिल्लीचं पालमचं वायुसेना संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. ओळखपत्र जवळ ठेवा. तिथे एकटे किंवा फक्त मुलांना घेऊन जाणं ही मला चूकच वाटते. नाशिककडचे असाल तर ओळखीत ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असतंच, त्यांना घेऊन जा. मिग-२१ या लढाऊ विमानाची बांधणी ओझरलाच व्हायची, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला वायुसेनेने या विमानाला निरोप दिला. मी मित्राच्या वडिलांना नेलं होतं. पाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. वाकून चाकांच्या खाचेत डोकावले आणि म्हणाले, "इथे हात घालताना माझी बोटं किती वेळा सोलली असतील!" आम्ही तासाभराचा बेत करून गेलो होतो. दुपारी पहारेकरी त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आला.